गावठाणातलं छोटं कपेल: बोर्ड म्हणतो सोळावं शतक, कौल म्हणतं १८६५, आजी म्हणते प्लेग

वाघबिळातली_वेदा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

घोडबंदर रोडला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. टॉवरच्या मागच्या गेटने बाहेर पडलं की जुनं गावठाण लागतं, तिथे विहिरीला लागून एक एवढंसं कपेल (छोटं प्रार्थनाघर) आहे. एवढंसं म्हणजे खरंच एवढंसं, आत बारा माणसं बसली की बाराव्याचे पाय बाहेर. पुढे दगडी चौथऱ्यावर क्रूस, त्याला इतक्या वेळा चुना फासलाय की कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्यात. आत काचेच्या पेटीत सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, आणि पेटीच्या पायाशी मेणाचे हात, मेणाचे पाय, एक मेणाचं घर आणि मागच्या वर्षी कोणीतरी वाहिलेली मेणाची रिक्षा.

एरवी शुकशुकाट. पण मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी वसई, भाईंदर, मुलुंडहून टेम्पो भरभरून माणसं येतात, आमच्या गेटसमोर गाड्या लावतात आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर जे काय चालतं ते विचारू नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सासूबाई आगरी, पक्क्या माळकरी, त्या दर बुधवारी तिथे मेणबत्ती लावतात. चाळीस वर्षं. मी विचारलं, आजी, माळ आणि मेणबत्ती कसं जमवता? तर म्हणाल्या, "त्या दोघांना एकमेकांचा तरास नाय, तुला कशाला?"

तर प्रश्न असा. दारावर पत्र्याचा बोर्ड आहे, "प्राचीन कपेल, १६ वे शतक". मागच्या पावसात एक कौल पडलं ते मी उचलून पाहिलं, त्यावर मंगलोरच्या कारखान्याचं नाव आणि १८६५. आणि आजी म्हणतात हे प्लेगातलं. तिघांपैकी कोण खरं? जाणकारांनी सांगावं. (जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, रीलवाले पोचतील.)

निवांत_नाना

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ठाण्याचा इतिहास म्हटलं की शंभर प्रतिसाद नक्की.

चुन्याचा_घाणा

वेदाताई, आधी कौलाचं बघू, कारण जुन्या घरांची डागडुजी हाच माझा धंदा.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगलोरला काढला. (प्रोटेस्टंट मिशन आणि त्यांची कौलं कॅथलिक कपेलावर, असो, पाऊस धर्म बघत नाही.) म्हणजे तुमच्या कौलावरचं साल कारखान्याच्या जन्माचं असायची शक्यता जास्त, कौलाच्या जन्माची कमी. मिठाईच्या खोक्यावर "स्थापना अमुक साली" छापलेलं असतं म्हणून आतला पेढा त्या सालचा होत नाही.

एवढंच निघतं की हे छप्पर १८६५ च्या आधीचं नाही. आणि छपराचं वय वेगळं, भिंतीचं वेगळं. आपल्याकडच्या पावसात छप्पर दर पिढीला बदलतं. तुम्ही दरवाजाच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी बघा. दगड-चुन्याची हातभर किंवा जास्त जाड असेल तर बोलू. नऊ इंची विटांची असेल तर बोर्डवाल्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

सरळसोट

एवढा काथ्याकूट कशाला? जुनं म्हणजे पोर्तुगीज, पोर्तुगीज म्हणजे आधी तिथे देऊळ असणार. विषय संपला.

तलावपाळीचा_तात्या

@सरळसोट, जुनं म्हणजे पोर्तुगीज हेच मुळात ठाण्याला लागू नाही. ऐका.

१३२१ साल. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं आहेत. फ्रान्सिस्कन पंथाचे तीन साधू, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि त्यांच्याबरोबर तिफ्लिसचा दिमित्री, हा दुभाष्या, होर्मुझहून गलबतात बसले. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला. वाऱ्याने गलबत आणून टाकलं ठाण्याला. तेव्हा ठाणं दिल्लीच्या सुलतानाच्या ताब्यात, आणि गावात ख्रिस्ती घरं होती, नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाची. मागाहून आलेल्या ओदोरिक नावाच्या इटालियन साधूने आकडाच दिलाय, पंधरा घरं. त्यातल्याच एका घरी हे चौघे उतरले.

त्या घरात एका रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बाई सकाळी काझीकडे गेली. काझीने विचारलं साक्षीदार कोण? ती म्हणाली, घरी पाहुणे आहेत, त्यांनी पाहिलंय. साक्षीला बोलावलं आणि तिथे धर्माचा वाद निघाला, आणि वाद इतका पेटला की एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन नावाचा साधू तेव्हा पुढे गेला होता, त्याने प्रेतं मिळवून वसईजवळच्या सोपाऱ्याला पुरली. हाच जॉर्डन पुढे १३२९ ला कोल्लमचा बिशप झाला. आणि ओदोरिकने काय केलं, तर सोपाऱ्याची हाडं उकरून पोत्यात घालून थेट चीनला नेली, झायतून बंदरात.

म्हणजे युरोपात ठाण्याचं नाव या प्रकरणामुळे पोचलं आणि आपण स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे.

कमिटी_मेंबर

पाहुणे म्हणून गेले आणि नवराबायकोच्या भांडणात साक्षीदार झाले. सातशे वर्षांपूर्वीही हेच होतं तर. सोसायटीच्या कमिटीत नऊ वर्षं आहे, सांगतो, कोणीही काही पाहिलेलं नसतं असंच म्हणायचं.

निवांत_नाना

@कमिटी_मेंबर दंडवत _/\_

सरळसोट

तात्या, गोष्ट छान आहे पण तिचा वेदाताईंच्या कपेलाशी काय संबंध? त्या पंधरा घरांचं आज काय उरलंय? आणि पोर्तुगीजांनी देवळं पाडली हे खोटं आहे का? बोरिवलीचं मंडपेश्वर लेणं बघा, शंकराच्या लेण्याचं चर्च केलं, वर मठ बांधला. ठाण्याचं कोपिनेश्वराचं देऊळ पुन्हा कधी उभं राहिलं, तर मराठे आल्यावर.

तलावपाळीचा_तात्या

खोटं कुठे म्हटलं? मंडपेश्वर खरं आहे, कोपिनेश्वरही खरं आहे. आणि मराठ्यांनी १७३७ ला ठाणं घेतलं, १७३९ ला वसई पडली, चिमाजी अप्पांच्या सैन्याने चर्चच्या घंटा उतरवून नेल्या हेही खरं. भीमाशंकरला जी घंटा टांगलीये तिच्यावर १७२९ आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा तिचीच बहीण, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे. लोक श्रद्धेने वाजवतात.

पण अर्धीच गोष्ट का सांगायची? वसई पडल्यावर वीसेक वर्षांनी, १७६० साली, आंकतिल द्युपेरों नावाचा फ्रेंच माणूस (पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता शिकायला सुरतेला आलेला, पारशी मंडळी ओळखतील) साष्टीतून (मुंबईच्या उत्तरेचं, ठाण्यापर्यंतचं बेट) कान्हेरीची लेणी बघायला निघाला. मराठ्यांचं राज्य. तर त्याने लिहिलंय की ठाण्याला चर्चचा मोठा सण चालला होता, हजारो ख्रिस्ती जमलेले, आणि कोणी अडवत नव्हतं. घंटा गेल्या, सण राहिले.

सरळसोट

हे माहीत नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली. तरी पण माझा मुद्दा

संपादक

इथेच थांबू. देवळं-चर्चचा वेगळा धागा आधीच ४०० प्रतिसादांवर बंद केलाय, तो इथे उघडू नका. कपेलाचं वय हा विषय आहे.

खाडीपल्याड

नेरुळहून +१. मला इतिहास कळत नाही, मला नवस कळतो.

आमच्या शेजारच्या तमिळ काकू दर वर्षी २९ ऑगस्टच्या सुमाराला भगवी साडी नेसून तमिळनाडूत वेलांकनीला, मरियेच्या देवस्थानाला निघतात. तिकडे २९ ला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पंढरपूरला चालल्या. मी एकदा गेले त्यांच्याबरोबर, मुंबईहून दीड दिवस रेल्वेत. तिथली मोठी बॅसिलिका राहू दे, मला आवडलं ते नडुतिट्टूचं छोटं कपेल, जिथे एका पांगळ्या मुलाने ताक विकताना बाईला पेलाभर ताक दिलं आणि तो चालायला लागला अशी कथा आहे. दुसरी कथा दूधवाल्या पोराची. तिसरी वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांची. काकूंना विचारलं यातली खरी कोणती तर म्हणाल्या, ताकवाली, कारण ताक माझ्याकडे पण असतं.

सांगायचा मुद्दा, लोक डोकं मुंडवतात, नारळ वाहतात, झाडाला धागा बांधतात. तुमच्या आजींची मेणबत्ती त्यातलीच.

वाशीचा_वाटसरू

अवांतर: वांद्र्याच्या माउंट मेरीला कोळी लोक मोत मावली म्हणतात. मोत म्हणजे मोती का? मोत्यासारखी माउली?

चुन्याचा_घाणा

मी लहानपणापासून समजत आलो मोत म्हणजे माउंट.

वाशीचा_वाटसरू

म्हणजे डोंगराची माउली? आमची कोळीण मावशी ठामपणे मोती म्हणते, कारण मूर्ती समुद्रात जाळ्यात सापडली असं त्यांच्यात सांगतात. समुद्रातून येणार ते मोतीच ना.

निवांत_नाना

मौत समजून घाबरलेला एक जण आमच्या ऑफिसात आहे. बोरिवलीचा. नाव सांगणार नाही.

फुगेवाली

आता मी लिहिते. चार दिवस वाचत होते, म्हटलं बघू कुठवर जातायत.

वेदा, तू जागेचं नाव लिहिलं नाहीस पण मेणाच्या रिक्षेवरून कळलं, ती माझ्या मामेभावाने वाहिली, त्याला परमिट मिळालं म्हणून. ते माझ्या आईचं गाव. मी लग्न करून वसईला गेले, पण दर मे महिन्यात येते. टेम्पो तुझ्या गेटसमोर लागतो तो आमचाच, त्याबद्दल सॉरी, यंदा विहिरीच्या बाजूला लावायला सांगते.

आधी तुम्ही सगळ्यांनी एक गोष्ट पाहिलीच नाही. आत मूर्ती सायबिणीची, पण सण मेच्या पहिल्या रविवारी. सायबिणीचे मोठे सण कधी? १५ ऑगस्ट, ८ सप्टेंबर, ८ डिसेंबर. मग मेच्या सुरुवातीला काय? जुन्या कॅलेंडरात ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा दिवस होता, १९६० च्या सुमाराला रोमने तो मोठ्या कॅलेंडरातून काढला, पण गावाने काढला नाही. म्हणजे सण क्रूसाचा आहे, कपेलाचा नाही. क्रूस आधी, कपेल नंतर. आमच्या गावांतून असंच झालंय, आधी उघड्यावर क्रूस, मग त्याच्यापुढे लदीन (संतांची नावं घेत म्हणायची प्रार्थना) म्हणायला जमणाऱ्या बायांना पावसाचा त्रास म्हणून चार खांब आणि पेंढ्याचं छप्पर, मग भिंती, मग कोणीतरी आखातात गेलेला पोरगा लादी बसवतो.

आता क्रूस कधीचा. आजी म्हणते प्लेग, बरोबर म्हणते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तो इकडच्या गावांतही पोचला. लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले. मुंबई आणि साष्टीच्या गावठाणांत जे क्रूस वेशीवर, विहिरीवर दिसतात त्यातले कितीतरी त्या साथीतले. माझ्या आजीची आजी सांगायची (आईने ऐकलेलं, मी आईकडून) की क्रूस उभा केला त्या रात्री माणसं पेट्रोमॅक्स नव्हते म्हणून मशाली घेऊन उभी होती आणि पाद्री आलाच नाही, घाबरला, गावच्या मास्तरने लदीन म्हटली. मास्तर म्हणजे चर्चचा मास्तर, गाणारा.

लदीन लॅटिनमध्ये. कोणाला अर्थ माहीत नाही, सगळ्यांना पाठ. एक जण संताचं नाव घेणार, बाकीचे "ओरा प्रो नोबिस". आमच्यासाठी प्रार्थना कर, असा अर्थ, तो मला कॉलेजात कळला. तोवर आम्हा पोरांना वाटायचं मोठी माणसं आम्हाला ओरडतायत, "ओरपू नको, बस!" कारण लदीन संपली की कागदाच्या पुडीत उकडलेले चणे मिळायचे आणि आमचं सगळं लक्ष टोपात.

कमिटी_मेंबर

"ओरपू नको, बस" 😂😂 लिफ्टमध्ये वाचलं, शेजारचे बघायला लागले.

चुन्याचा_घाणा

फुगेवाली ताई, सणाच्या तारखेवरून वय काढलंत, मान गये. मी वीस वर्षं भिंती ठोकून बघतोय, हे सुचलं नसतं.

सरळसोट

पण मग बोर्डावर सोळावं शतक कुठून आलं? कोणीतरी लिहिलंच ना.

फुगेवाली

बोर्ड आमच्या मंडळाने लावला, मीच मजकूर दिला होता, म्हणून तर चार दिवस गप्प होते 😄

मी कागदावर लिहून दिलेलं, "या गावातील ख्रिस्ती वस्ती १६ व्या शतकापासूनची असून हे प्राचीन कपेल ग्रामस्थांनी बांधले". पेंटर म्हणाला, ताई, पत्रा तीन फुटी, एवढं बसणार नाही. मी म्हटलं बसव काहीतरी. त्याने पहिले आणि शेवटचे शब्द काढले आणि मधलं जोडलं. उद्घाटनाच्या दिवशी बघितलं, फादर कात्री घेऊन उभे, आता काय करणार.

निवांत_नाना

म्हणजे सोळावं शतक तीन फुटी पत्र्यामुळे. धागा वसूल.

खाडीपल्याड

पण कुठेतरी कागद असेल ना ताई? चर्चच्या वहीत वगैरे?

फुगेवाली

तेही लफडं आहे. एके काळी आपल्याकडे कॅथलिकांचीच दोन राज्यं होती. पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखालचे पाद्री, त्याला पाद्रोआद म्हणायचे, आणि रोमने थेट नेमलेले, ते प्रोपगांडावाले. मुंबईत हे १७९४ पासून जोडीने चाललं. काही गावांत दोन चर्चं शेजारी, एका घरातला थोरला भाऊ इकडे आणि धाकटा तिकडे, लग्नाला एकमेकांच्या चर्चमध्ये पाय ठेवायचा नाही. १९२८ ला मिटलं. त्यामुळे क्रूस कोणाच्या पाद्र्याने आशीर्वादला त्यावर वही कुठल्या चर्चात ते ठरतं, आणि आमचा तर पाद्री आलाच नव्हता.

ज्यांना खरंच शोधायचंय त्यांनी गोरेगावला सेंट पायस कॉलेजात आर्चडायोसीसचं (मुंबईच्या आर्चबिशपच्या धर्मप्रांताचं) हेरिटेज म्युझियम आहे ते बघा. आणि १८८२ चं ठाणे गॅझेटियर, गावागावाची माहिती चौदाव्या खंडात आहे. मी बघितलंय, आमच्या कपेलाचा उल्लेख नाही. म्हणजे तेव्हा नव्हतं, किंवा साहेब आत वळलाच नाही, चिखल असेल.

तलावपाळीचा_तात्या

ताई, आमच्या १३२१ च्या चौघांची आठवण तुमच्याकडे काही राहिली आहे का? लदीनीत नाव वगैरे?

फुगेवाली

खरं सांगू तात्या, आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आमच्यात गोन्सालो गार्सियाचं नाव घरोघरी, वसईचा, १५९७ ला जपानात नागासाकीला क्रूसावर गेला, आमचाच पोरगा म्हणून. ठाण्याचे चौघे परदेशी, त्यांची हाडंसुद्धा चीनला. गावात राहतं ते गावचं.

पण सणाला या तुम्ही, मास्तरकीचा जो वारस आहे तो ऐंशीच्या पुढचा, त्याला विचारू.

वाघबिळातली_वेदा

परत आले. रविवारी सकाळी आजींना घेऊन गेले होते, फुगेवाली ताईंनी फोनवरून रीतसर परवानगी मिळवून दिली.

दाराशी भिंत मोजली, @चुन्याचा_घाणा, मागची भिंत दगडाची आणि चांगली जाड, पुढच्या दोन बाजू विटांच्या. म्हणजे एकाच खोलीत दोन वयं. मागची भिंत बहुतेक विहिरीच्या जुन्या कठड्याची, तिला टेकून कपेल उठवलंय असं तिथले एक काका म्हणाले.

मग क्रूस. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी चुना नीट लावत नाही, पोपडा सुटला होता. हात लावायची हिंमत नव्हती, आजींनी पदराने पुसलं. आत कोरलेलं दिसलं, १, ८, ९, आणि पुढचा आकडा चुन्याखाली. काकांनी नाण्याने खरवडायला घेतलं तर आजींनी त्यांच्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मी सांगते ना तुला. प्लेग."

चुन्याचा_घाणा

नाण्याने खरवडू देऊ नका!! पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा रात्रभर, आपोआप सुटेल. पुढच्या शनिवारी मी ब्रश घेऊन येतो.

सरळसोट

मी पण येतो. वाद घालणार नाही.

कमिटी_मेंबर

गाडी आमच्या सोसायटीसमोर लावू नका फक्त.

फुगेवाली

शनिवारी या सगळे, लदीन नाही पण मी फुगे (आमचे तळलेले गोल पाव) आणते. चणे कोण आणतंय?

निवांत_नाना

चणे माझ्याकडे. ओरपू नका, बसा.